उष्टा बफर

"वितळ ना गं बये! अख्ख्या जगाला वितळता येतं, तुलाच काय धाड भरलीय?"

चिमणी यंत्राशी बोलत होती. तिचं नाक यंत्राच्या पडद्यापासून चार बोटांवर होतं, आणि पाठीमागच्या ओट्याशी काचेच्या नळ्या विसळत बसलेल्या मीठमावशीला तिची पुटपुट शब्दन् शब्द ऐकू येत होती. तशी ती पोरगी नेहमीच पुटपुटायची, म्हणून तर चिमणी. खरं नाव तिच्या ओळखपत्रावर होतं आणि ओळखपत्र पिशवीच्या तळाशी. पाच वर्षांत कुणी ते वर काढलं नव्हतं.

"किती झालं?" मावशीनं विचारलं.

"बासष्ट. आणि महाराणी अजून ताठ उभ्या."

"मग राहू दे की उभी. तुझं काय खाते?"

"मावशी, लिथियममध्ये हिनं चाळिशीच्या आत गुडघे टेकायला हवेत."

"चाळिशीत गुडघे सगळ्यांचेच कुरकुरतात. आपण काय लगेच वितळतो?"

चिमणी हसली, पण डोळे पडद्यावरून हलले नाहीत. सदुसष्ट अंशांवर जाऊन कुठे रेघ खाली वळली. तिसऱ्यांदा तोच आकडा. तिनं वहीत लिहिला, त्याखाली दोनदा रेघ ओढली आणि पेन कानामागे खोचून नुसती बसून राहिली.

आता ही महाराणी कोण, तर डीएनएचा एक लहानसा तुकडा. डीएनए म्हटलं की लोकांना दोन पदरांची वेणी आठवते. पण त्याच्या अक्षरांत जिथे 'जी' हे अक्षर पुन्हापुन्हा, तीन-तीनच्या घोळक्यानं येतं, तिथे तो पदर स्वतःवरच दुमडतो आणि चार पदरांचा होऊन उभा राहतो. चार 'जी' एका पातळीवर एकमेकांचे हात धरून चौकट करतात, आणि अशा तीन चौकटी एकीवर एक. मधे पोकळी. त्या पोकळीत धातूचा एखादा कण येऊन बसला तर सगळं घट्ट, नाहीतर डळमळीत. पोटॅशियम त्या जागेत बेतून शिवल्यासारखा बसतो. सोडियम अंगानं लहान, जरा सैल पडतो. लिथियम तर असून नसल्यासारखा. शिवाय चौकटीच्या एका खांबाकडून दुसऱ्याकडे जाणारी वळणं असतात. ती आखूड असली तर ताण चांगला बसतो, लांबली की ढिलाई. चिमणी पाच वर्षं हेच करत होती. अक्षरं बदलायची, वळणं बदलायची, मीठ बदलायचं, आणि प्रत्येक वेळी हळूहळू तापवत न्यायचं. कोण कितीवर कोसळतं ते लिहायचं.

आणि ते मीठ तिला मावशी करून द्यायची. सगळ्या लॅबलाच द्यायची. सव्वीस वर्षांपूर्वी ती इथे भांडी विसळायला लागली होती, दहावी नापास. काचा पुसता पुसता उघडी पडलेली पुस्तकं वाचली, वजनकाटा शिकली, समजलं नाही ते बेशरमपणे विचारलं. पाच-सहा वर्षांत असं झालं की बफर, म्हणजे ज्या खारट पाण्यात हे सगळं डीएनए ठेवायचं ते पाणी, मावशीनं केलं असेल तर कुणी पुन्हा तपासायचं नाही. लॅबचे सर तेव्हा स्वतः विद्यार्थी होते. पीएच मीटर कसा वापरायचा ते त्यांना मावशीनंच शिकवलं होतं, आणि शिकवताना बोटांवर चापट मारली होती.

ती चापट कशासाठी, ते सांगायला हवं. बफर किती आंबट, किती तुरट हे पीएच मीटर सांगतो, आणि त्यासाठी त्याची काचेची कांडी, इलेक्ट्रोड, पाण्यात बुडवावी लागते. पण त्या कांडीच्या पोटात पोटॅशियमचंच कडक मीठपाणी भरलेलं असतं आणि ते कणाकणानं पाझरत असतं. पाझरल्याशिवाय ती चालतच नाही. म्हणून कांडी थेट बाटलीत घालायची नाही. बाटलीतलं थोडं लहान चंचुपात्रात ओतायचं, त्यात मोजायचं, आणि ते फेकून द्यायचं. भाजीची चव बघताना जशी वाटीत घेतो. पातेल्यात चमचा घालून तोच तोंडात घातला की सगळं पातेलं उष्टं.

"उष्टं करू नका." मीटरच्या वर भिंतीवर पाटी होती. मावशीच्याच हातची, वीस वर्षांपूर्वीची. अक्षरं टपोरी, उभी, एकाला एक न टेकलेली. नव्या पोरांना आधी तिचा अर्थ कळायचा नाही. मग कळायचा आणि जन्मभर विसरायचा नाही.

त्या दिवशी तिसऱ्यांदा सदुसष्ट आल्यावर सर खोलीत आले. उंच, वाकलेले, चष्मा कायम कपाळावर. त्यांनी वही पाहिली, रेघ पाहिली, आणि लहान पोरासारखे दोन्ही हात चोळले.

"म्हणजे पोटॅशियमशिवाय! कुणाच्याही आधाराशिवाय ही उभी राहते!"

"असं दिसतंय खरं," चिमणी म्हणाली.

"दिसतंय काय? तीनदा आलंय! कळलं का मावशी, तुमच्या पाण्यात ही बाई स्वतःच्या पायावर उभी आहे."

"माझ्या पाण्यात पाय घसरतच नाही कुणाचा," मावशी म्हणाली आणि उजवा हात ॲप्रनच्या खिशात घातला.

हल्ली तो हात तिथेच असायचा.

सुरुवात आठ महिन्यांपूर्वीची. आधी फक्त अंगठा. हात रिकामा असला, मांडीवर नुसता पडलेला असला, की अंगठा आपोआप तर्जनीवर घासायचा, जसं कुणी जपमाळ ओढतंय. मावशी त्याला म्हणायची, बस झालं रे बाबा, देवधर्म आपल्याला जमत नाही. मग मनगट. मग एक दिवस भरलेलं चंचुपात्र उचललं आणि निम्मं ओट्यावर. कुणी पाहिलं नाही असं तिला वाटलं. पण लॅब म्हणजे काय राजवाडा नाही. सहा माणसं, दोन ओटे, एक खिडकी.

कुणी काही बोललं नाही. फक्त गोष्टी बदलत गेल्या. एका सोमवारी जुन्या हलक्या पात्रांच्या जागी जाड बुडाची पात्रं आली. "सवलतीत मिळाली," सर म्हणाले. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या चिमणी संगणकावर छापून लावू लागली. "माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, मावशी, छापलेलं बरं," ती म्हणाली. पण कोंबडीचे पाय आता कुणाचे झाले होते ते मावशीला ठाऊक होतं. तिची अक्षरं बारीक होत होत ओळीच्या शेवटी मुंगीएवढी व्हायची. मोठा पिपेट वरच्या कप्प्यात गेला आणि बटण दाबलं की नेमकं माप सोडणारा नवा आला. प्रत्येकजण काहीतरी उचलायला नेमका त्याच वेळी तिच्या बाजूनं जायचा.

घरीही तेच. तिचा नवरा तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला. मावशी त्याला ड्रायव्हरसाहेब म्हणायची. त्याच्या हातचा चहा आता अर्धा कप यायचा.

"अहो, उरलेला कुणाला ठेवलात?"

"साखर कमी खायची सांगितलीय डॉक्टरनं."

"तुम्हाला सांगितलीय. मला नाही."

"मग तुझी साखर माझ्यासाठी वाचव," तो म्हणायचा आणि खिडकीबाहेर बघायचा. दोन अर्धे कप, एकामागून एक. सांडायला जागा राहायची नाही.

मावशीला सगळं कळत होतं, आणि कळत नसल्यासारखं करण्यात तिचा हातखंडा होता. निवृत्तीला तीन वर्षं होती. बोललं की डॉक्टर, डॉक्टर म्हटलं की कागद, कागद झाला की सर अगदी प्रेमानं तिला खिडकीजवळच्या खुर्चीवर बसवतील आणि नोंदवही हातात देतील. मावशी, तुम्ही फक्त लक्ष ठेवा. सव्वीस वर्षं ज्या हातांनी मीठ तोललं त्यांनी लक्ष ठेवायचं? त्यापेक्षा खिसा बरा.

महाराणीचं कौतुक दोन महिने चाललं. सरांनी लेख लिहायला घेतला. चिमणीचा प्रबंध संपत आला होता, पुढच्या महिन्यात तोंडी परीक्षा, आणि त्यानंतर दूरच्या एका मोठ्या लॅबमध्ये जागा. तिथल्या प्रमुख बाईंनी तिची दोनदा मुलाखत घेतली होती. महाराणीचा तुकडा सरांनी मोठ्या अभिमानानं त्याच बाईंकडे पाठवला. तुम्हीही करून पाहा म्हणून.

उत्तर आलं ते मंगळवारी. सरांनी सगळ्यांना बोलावून वाचून दाखवलं. बाई सभ्य होत्या, त्यामुळे जास्तच लागलं. तुमचा तुकडा फार सुरेख आहे. मात्र आमच्याकडे लिथियममध्ये तो एकोणचाळीस अंशांवर कोसळतो. चार वेळा पाहिलं. तुमच्याकडे सदुसष्ट कसे आले, हे समजून घ्यायला आवडेल.



"त्यांचं यंत्र बरोबर असेल ना?" एकजण म्हणाला.

"चार वेळा," सर म्हणाले.

"आपलं पाणी? गाळणीच्या नळाचं?"

"पाणी बदललं होतं मी," चिमणी घाईनं म्हणाली. "नाही, म्हणजे बदललं असेल. नळी नीट धुतली नसेल कदाचित. आधीचा नमुना पोटॅशियममधला होता. त्याचं राहिलं असेल."

"तीनही वेळा?"

"माझीच चूक असेल, सर."

सरांचा चष्मा कपाळावरून नाकावर आला. तो खाली आला की पोरं गप्प बसायची. "पाच वर्षं झाली तुला इथे. नळी धुवायची हे मी आता सांगायचं? दुसऱ्या बफरमध्ये करून पाहिलंस का?"

"नाही."

"का?"

चिमणीनं कानामागचं पेन काढलं आणि पुन्हा तिथेच खोचलं.

"लेख थांबतो," सर म्हणाले. "परीक्षाही थांबते. सगळं पहिल्यापासून करावं लागेल, सहा महिने धर. आणि त्या बाईंना खरं काय ते कळवायला लागेल. शुक्रवारी पत्र जाईल."

त्या बाईंना. म्हणजे जिथे चिमणी जाणार होती, तिथेच.

मावशी नळ्या विसळत होती. तिला वाटलं, पोरीचं काही खरं नाही. मग वाटलं, पण ही तर नळी तीन पाण्यांनी धुते, चौथ्यानं स्वतःचे हात. पाच वर्षांत हिनं एक नळी घाण ठेवलेली मला आठवत नाही. भांडी घासणाऱ्या बाईला घरातलं जे कळतं ते घरमालकाला कळत नाही. कुणी जेवलं नाही, कुणी लपून खाल्लं, कुणाच्या ताटात अन्न राहिलं, सगळं मोरीत येतं. चिमणीच्या ताटात कधी काही राहत नसे.

आणि बुधवारी मोरीत एक बाटली आली.

लहानशी, बोटभर उंचीची. चिमणीनं ती ढिगाच्या तळाशी घातली होती, म्हणजे कुणाला दिसू नये अशी. वर चिठ्ठी नव्हती, पण काचेवर काळ्या शाईनं तिच्या हातचं लिहिलेलं पुसायचं राहिलं होतं. 'लिथियम. मी केलेला.' आणि तारीख. पत्र यायच्या तीन आठवडे आधीची.

मावशीनं नळ बंद केला. अंगठा पुन्हा तर्जनीवर फिरायला लागला होता.

पोरीनं स्वतःचा बफर केला होता. म्हणजे तिला शंका आली होती. म्हणजे तिनं करूनही पाहिलं होतं. यंत्राजवळच्या वहीत मावशी सहसा डोकावत नसे, पण त्या दिवशी जेवायच्या सुट्टीत तिनं ती उघडली. त्या तारखेचं पान नव्हतं. शिवणीजवळ कागदाचं दातेरी बूड तेवढं उरलं होतं.

मग तिला तो दिवस आठवला. खरं तर कधी विसरलेलाच नव्हता.

पाव लिटरची बाटली, लिथियमची. दुपार होती, लॅब रिकामी, सगळे कुठल्याशा व्याख्यानाला गेलेले. मीठ तोललं, पाणी घातलं, ढवळलं. आता मोजायचं. लहान पात्रात ओतायला बाटली उचलली आणि हातानं असा काही ताल धरला की पाणी पात्राच्या डावीकडे, उजवीकडे, सगळीकडे, फक्त पात्रात नाही. दुसऱ्यांदा तेच. बाटलीतलं पाणी कमी झालं, पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. तिसऱ्या खेपेला ती रडकुंडीला आली. भिंतीवरची पाटी समोरच होती. तिनं पाटीकडे पाठ केली नाही, खोटं कशाला बोला. पाटीकडे बघतच कांडी तिच्या मीठपाण्याच्या टोपणातून काढली, विसळायचंही भान राहिलं नाही, आणि सरळ बाटलीत उतरवली. एवढ्यानं काय होतंय. क्षणभराचं काम.

पण क्षणभराचं राहिलं नाही. आकडा जुळवायला लिथियमचा तुरट द्राव थेंबथेंब घालायचा असतो. थरथरत्या हातानं एकाच्या जागी चार पडले. आकडा वर गेला. मग आम्लाचे थेंब, तर तो खाली घसरला. पुन्हा वर. पुन्हा खाली. तास-दीड तास ती कांडी बाटलीत उभी होती आणि तिच्या पोटातलं पोटॅशियम, जे येऊ नये म्हणून एवढा सगळा खटाटोप, गुपचूप पाझरत होतं. शेवटी आकडा जुळला. मावशीनं झाकण लावलं, चिठ्ठी चिकटवली आणि स्वतःला सांगितलं की छान झालं.

महाराणी स्वतःच्या पायावर उभी नव्हतीच. तिच्या पोकळीत कुणीतरी येऊन बसलं होतं, आणि कुणी बसवलं ते तिला कळायची सोय नव्हती.

तरी माणसाचं मन वाईट असतं. मावशीला वाटलं, कदाचित एवढंसं पाझरलंही नसेल. कदाचित पोरीचंच काही चुकलं असेल. गुरुवारी तिनं दोन कुप्या भरल्या. एकीत त्या पाव लिटरच्या बाटलीतलं, दुसरीत मागच्या कपाटात पडलेल्या गेल्या वर्षीच्या लिथियमचं, हात धड होता तेव्हाचं. त्या घेऊन ती पलीकडच्या इमारतीत मातीवाल्याकडे गेली. तिथे माती तपासायचं यंत्र असतं. पाणी ज्योतीत फवारतं आणि त्यात पोटॅशियम किती आहे ते सांगतं. मातीवाला तिचा जुना दोस्त, टक्कल पडलेला, बडबड्या.

"या मीठमावशी! आज काय, शेती सुरू केली?"

"हे बघून दे. आणि तोंड बंद ठेव."

"यंत्राचं की माझं?"

त्यानं पहिली कुपी लावली. गेल्या वर्षीची. आकडा शून्यावरून हलला नाही. दुसरी लावली. आकडा चढला, बावन्नवर थांबला. त्यानं पुन्हा लावली. पुन्हा बावन्न.

"पहिली माती वांझ आहे," मातीवाला म्हणाला. "दुसरी उत्तम. पोटॅशियम भरपूर. काहीही पेरा, उगवेल."

"उगवलंय आधीच," मावशी म्हणाली.

तो हसला, मग तिचं तोंड बघून थांबला. तिच्या हातातली रिकामी कुपी टेबलाच्या कडेवर टिकटिक वाजत होती. त्यानं हळूच ती कुपी काढून घेतली, आकड्यांचा कागद तिला दिला आणि खिडकीकडे बघून म्हणाला, "हवा गार झालीय नाही?"

तोसुद्धा, मावशीच्या मनात आलं. ह्यालाही शिकवून ठेवलंय कुणीतरी.

त्या संध्याकाळी तिनं ड्रायव्हरसाहेबांना सगळं सांगितलं. सगळं म्हणजे बाटली, कांडी, पोरगी, पत्र. फक्त कांडी बाटलीत का घातली ते सोडून.

"घाईत होईल असं कधीतरी," तो म्हणाला.

"मी घाईत नव्हते."

"मग दमली असशील."

"दमलेही नव्हते."

तो उठला, चहा गाळला, अर्धा कप तिच्यापुढे ठेवला. "पोरीला सहा महिनेच जातील ना? तरुण आहे. भरून काढेल." हे बोलताना त्याचा आवाज त्यालाच आवडला नाही असं दिसलं. तो बराच वेळ गाळणी धूत राहिला.

"तुमची बस कधी कुणाला लागली होती का हो?" मावशीनं विचारलं.

"एकदा. आरसा घासला एका हातगाडीला."

"मग?"

"मग काय. वाहक म्हणाला, चला साहेब, कुणी बघितलं नाही." गाळणीवर पाणी पडत राहिलं. "मी पुढच्या थांब्यापर्यंत गेलो. मग उतरलो, चालत मागे आलो. अख्खी बस शिव्या घालत होती मला."

मावशीनं अर्धा कप दोन्ही हातांनी धरला. त्यानं बघितलं. मग पुन्हा गाळणी धुवायला घेतली. ती एव्हाना आरशासारखी चमकत होती.

शुक्रवारी अकरा वाजता सरांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. टेबलावर पत्राचा कागद होता. बाजूला ती पाव लिटरची बाटली, कुणीतरी पुरावा म्हणून आणून ठेवलेली. चिमणी टोकाच्या खुर्चीवर. मावशी दारापाशी उभी, हात खिशात.

सरांनी वाचलं. बाईंची क्षमा मागितली होती. मग ते वाक्य आलं. "सदर त्रुटी ही विद्यार्थिनीच्या निष्काळजीपणामुळे, उपकरणाच्या स्वच्छतेत..." तिथे ते अडखळले. चष्मा काढून पुसला.

"यात काही बदल हवाय का?" त्यांनी चिमणीला विचारलं. आवाज मंगळवारपेक्षा मऊ होता.

"नाही सर."

"तुला काही सांगायचं असेल तर..."

"नाही."

मावशीनं सरांकडे बघितलं आणि तिच्या लक्षात आलं, यांनाही माहीत आहे. मंगळवारी नसेल, पण नंतर कधीतरी कळलं असणार. वीस वर्षांपूर्वी बोटांवर बसलेली चापट विसरणारा माणूस नव्हे हा. सदुसष्ट आणि एकोणचाळीसमधला फरक कुठून येतो हे याला कुणी सांगायला हवं? म्हणूनच चष्मा एवढा पुसतोय.

"कदाचित मिठाचीच बरणी खराब निघाली असेल," एकजण म्हणाला. "कारखान्यातूनच."

"होऊ शकतं," दुसरा म्हणाला.

"किंवा बाटली. काचेतूनही उतरतं कधी कधी."

"हो, काचेतून," सर म्हणाले. या शब्दाला त्यांनी बुडत्यानं काडी धरावी तसं धरलं. "तसं लिहिता येईल. विद्यार्थिनी नको. काचेतून म्हणू."

सगळ्यांनी माना हलवल्या. काचेला काही वाटणार नव्हतं. आणि त्या बाई सभ्य असल्या तरी मूर्ख नव्हत्या, त्या वाचतील आणि लॅबच्या नावापुढे गुपचूप एक फुली मारतील, आणि चिमणीच्याही. हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

मावशी पुढे आली. खिशातला कागद टेबलावर ठेवला. शून्य आणि बावन्न.

"काचेतून नाही. इलेक्ट्रोड मी बाटलीत बुडवला. दीड तास ठेवला."

चिमणीची मान झटकन वर आली. "मावशी, नको..."

"तू गप. तू पान फाडलंस ते मी पाहिलंय. वह्या फाडायला शिकवलं होतं का मी?"

"असं काही नसेल मावशी," सर घाईनं म्हणाले. "तुम्ही बुडवणारच नाही. पाटी तुम्हीच लिहिलीत. तुमची आठवण गडबडली असेल. नाहीतर कुणी विद्यार्थ्यानं तुमच्या मागे... हे बघा, एवढ्या वर्षांत एखाद वेळी विसरायला होतं. विसरलात, असं लिहू आपण. विसरणं काय, कुणीही विसरतं."

किती प्रेमानं बोलत होता. जाड बुडाच्या पात्रांइतक्या प्रेमानं. मावशीला क्षणभर वाटलं, हो म्हणावं. विसरले. बसावं त्याच्या त्या शब्दावर आरामात, तीन वर्षं.

तिनं टेबलावरचा पाण्याचा पेला घेतला, उजव्या हातानं. काठोकाठ भरलेला होता. उचलला. पहिलं पाणी पत्रावर पडलं, मग टेबलावर, मग सरांच्या बाहीवर. कुणीही तिच्या हाताकडे बघितलं नाही. सगळीच्या सगळी माणसं भिंतीकडे, बुटांकडे, फ्रिजकडे बघत होती.

"इकडे बघ," मावशी म्हणाली. सर व्हायच्या आधी ती त्यांना असंच म्हणायची. वीस वर्षांनी ती एकेरी हाक तिच्या तोंडात आपोआप आली. "अरे, इकडे बघ माझ्याकडे. आणि तुम्हीही सगळे बघा. मी विसरले नाही. मला ओतता येत नाही. माझा हात थरथरतो."